जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक (पदवी अभ्यासक्रम)

जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हणजे महाविद्यालयाच्या पदवी वर्गात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संलग्न विषयांच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रात स्वतः केलेला अभ्यास होय. व्याख्यानात सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी पाहणे, हाताने करणे, पाहिलेले कागदावर रेखाटणे आणि त्यावरून अनुमान काढणे ही त्याची चार अंगे मानली जातात. महाराष्ट्रातील विद्यापीठांत बी.एस्सी.च्या प्रत्येक वर्षी व्याख्यानांबरोबर प्रात्यक्षिकांना स्वतंत्र तासिका व स्वतंत्र गुण असतात. श्रेयांक पद्धतीनुसार पंधरा आठवड्यांच्या सत्रात व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले जातात. हाताने शिकण्यास दुप्पट वेळ लागतो, ही अनुभवाची गोष्ट त्या हिशेबात मान्य केलेली आहे.

इतिहास

प्रयोगशाळेत बसून जीवशास्त्र शिकण्याची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रूढ झाली. त्यापूर्वी प्राध्यापक व्याख्यान देत, फार तर टेबलावर एखादा नमुना ठेवून दाखवीत. विद्यार्थी तो दुरून पाहत. टॉमस हेन्री हक्सली यांनी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे शिक्षकांसाठी वर्ग चालविले. त्यांत सकाळी व्याख्यान आणि त्यानंतर त्याच विषयाचे प्रत्यक्ष काम असा क्रम असे. या अनुभवातून हक्सली यांनी एच. एन. मार्टिन यांच्या साहाय्याने १८७५ मध्ये प्रात्यक्षिक जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. सगळ्या प्राणिसृष्टीची वरवरची ओळख करून देण्याऐवजी यीस्ट, अमीबा, हायड्रा, शिंपला, बेडूक असे मोजके प्रातिनिधिक जीव निवडावेत आणि त्यांचा बारकाईने अभ्यास करावा, हे त्याचे सूत्र होते. पुस्तकाची मांडणी सोप्या जीवापासून गुंतागुंतीच्या जीवाकडे जाणारी होती. १८८८ च्या सुधारित आवृत्तीत मात्र हा क्रम उलटा करण्यात आला आणि आरंभ बेडकापासून झाला. नवख्या विद्यार्थ्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या अमीबापेक्षा हातात धरता येणारा बेडूक जवळचा वाटतो, असा विचार त्यामागे होता. प्रातिनिधिक जीवांची ही पद्धत भारतातील विद्यापीठांनीही उचलली. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात बेडूक, गांडूळ आणि झुरळ हे त्रिकूट दीर्घकाळ टिकून राहिले, त्याचे मूळ येथे आहे.

पुस्तके परदेशी, जीव मात्र येथले, ही अडचण पहिल्यापासून होती. इंग्रजी पुस्तकांत वर्णिलेले लुंब्रिकस जातीचे गांडूळ येथील विद्यार्थ्याच्या तबकात नसे. येथे सापडणाऱ्या फेरेटिमा या गांडुळाची रचना अनेक बाबतींत वेगळी, त्यामुळे पुस्तकातील आकृती आणि तबकातील प्राणी यांचा मेळ बसत नसे. लखनौ विद्यापीठातील प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी ही उणीव दूर करण्यासाठी भारतीय प्राण्यांवरील प्रबंधांची मालिका हाती घेतली. तिचा पहिला भाग, स्वतः बहल यांनी लिहिलेला फेरेटिमावरील प्रबंध, १९२६ मध्ये निघाला. १९२८ मध्ये ई. एम. थिल्लयमपलम यांचा स्कोलिओडॉन या लहान शार्क माशावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्या लखनौच्या इझाबेला थॉबर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत. बैनी प्रशाद यांनी गोड्या पाण्यातील पायला या गोगलगाईवर लिहिले. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ज्या आकृत्या वह्यांत उतरविल्या, त्यांतील पुष्कळशा या प्रबंधांतून पाठ्यपुस्तकांत आलेल्या आहेत.

बहल यांचे काम शैक्षणिक सोयीपुरते नव्हते. फेरेटिमाच्या उत्सर्जक नलिकांपैकी मोठा भाग शरीराबाहेर न उघडता आतड्यात उघडतो, हे त्यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे उत्सर्जनात जाणारे पाणी आतड्यात पुन्हा शोषले जाऊ शकते. कोरड्या ऋतूला तोंड द्यावे लागणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने ही रचना उपयोगाची ठरते. युरोपीय नमुन्याची आकृती प्रमाण मानली असती तर ही गोष्ट नजरेतून निसटली असती. समोर असलेला जीव पाहावा आणि तोच काढावा, या प्रात्यक्षिकाच्या पहिल्या नियमाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. पुढे या गांडुळाचे शास्त्रीय नाव बदलून मेटाफायर पोस्थुमा झाले. वर्गांतून आणि जर्नलांतून मात्र फेरेटिमा हेच नाव चालत राहिले.

सूक्ष्मदर्शकाखालील अभ्यास

पदवीच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाला साधारणपणे दहापट आणि पंचेचाळीसपट अशी दोन वस्तुभिंगे असतात. दहापट नेत्रभिंगासह त्यांतून वस्तू अनुक्रमे १०० आणि ४५० पट मोठी दिसते. आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली वस्तू शोधायची, मग मोठे भिंग फिरवायचे आणि त्यानंतर केवळ सूक्ष्म समायोजनाचा स्क्रू वापरायचा, हा पहिल्या दिवशी सांगितला जाणारा नियम आहे. तो न पाळल्यास भिंग काचपट्टीवर आदळते.

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याची पहिली कसोटी काप घेण्यात लागते. खोडाचा तुकडा बोटांत धरून, पानासारखी मऊ वस्तू असल्यास ती बटाट्याच्या किंवा गाजराच्या फटीत बसवून, ब्लेडने आडवे पातळ काप घेतात. पन्नास काप घेतले तर त्यांतील दोन-तीन उपयोगी पडतात. पाण्यात तरंगणाऱ्या कापांतून सर्वांत पारदर्शक काप ब्रशने उचलून सॅफ्रानिनने रंगवितात व ग्लिसरीनच्या थेंबात आच्छादन काचेखाली ठेवतात. काष्ठभित्ती लाल होते आणि संवहनी पूल उठून दिसतात. ऱ्हिओच्या पानाखालची जांभळी त्वचा सोलून ती मिठाच्या किंवा साखरेच्या तीव्र द्रावणात ठेवली की पेशीतील जांभळा भाग भित्तीपासून सुटून आकसताना दिसतो. तीच पट्टी साध्या पाण्यात नेली की तो पुन्हा फुगतो. अवघ्या काही मिनिटांत घडणारा हा प्रयोग परासरण समजावण्यास दहा पाने वाचण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

कांद्याच्या मुळाच्या टोकातील समसूत्री विभाजन हा प्रयोग जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आढळतो. कांदा बुडाशी पाणी लागेल असा पेल्यावर ठेवला की दोन-तीन दिवसांत मुळे फुटतात. सकाळच्या वेळी त्यांची टोके कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग तीव्र ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात टाकतात. पेशी त्या क्षणी ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत स्थिर होतात. नंतर ही टोके सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे उबदार ठेवतात, म्हणजे पेशींना जोडणारा थर सैल होतो. ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटोऑर्सिन या रंजकात मुळाचे अगदी टोकाकडचे एक-दोन मिलिमीटर गडद रंगतात. तेवढाच भाग ठेवून वर आच्छादन काच ठेवायची, टीपकागद घालायचा आणि अंगठ्याने सरळ खाली दाबायचे. अंगठा किंचित जरी बाजूला सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाठ्यपुस्तकात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था या चार आकृत्या एका ओळीत असतात. काचपट्टीवर तसे काहीही नसते. तेथे शेकडो पेशींची दाटी असते, त्यांतील बहुतेक विभाजन न होणाऱ्या असतात आणि एखाद्या कोपऱ्यात विषुववृत्तावर गोळा झालेली गुणसूत्रे सापडतात. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, ती मोजता येतील इतकी पसरलेली पेशी मिळणे हा योगच असतो. ठरावीक संख्येच्या पेशी मोजून त्यांतील किती विभाजनाच्या अवस्थेत आहेत हे काढले की विभाजन निर्देशांक मिळतो. त्यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. पूर्वावस्थेतील पेशी पुष्कळ आणि पश्चावस्थेतील मोजक्याच आढळल्या, तर पूर्वावस्था अधिक काळ टिकते आणि पश्चावस्था झटपट उरकते असे अनुमान निघते. स्थिर झालेल्या, मृत पेशींच्या गर्दीतून काळाचे माप काढता येते, ही जाणीव विद्यार्थ्याला झाली तर प्रयोग सफल झाला असे म्हणावे. ती न होताच पुस्तकातील चार सुबक पेशी वहीत उतरविल्या जातात, हेही सर्वत्र घडते.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला असाच आनंद डासासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमस या कीटकाच्या लाल अळीच्या किंवा फळमाशीच्या अळीच्या लालाग्रंथींतील महागुणसूत्रांतून मिळतो. बाल्बियानी यांनी १८८१ मध्ये ती प्रथम पाहिली. त्यांवरील आडवे पट्टे साध्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकातूनही स्पष्ट दिसतात.

प्राणिविच्छेदन

विसाव्या शतकात प्राणिशास्त्राचे प्रात्यक्षिक म्हणजे विच्छेदन असे समीकरण झालेले होते. मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून बसविलेला बेडूक, पाण्याखाली उघडलेले झुरळ, गांडुळाची चेतासंस्था, स्कोलिओडॉनच्या मेंदूपासून निघणाऱ्या चेता आणि पुढच्या वर्षांत उंदीर असा क्रम असे. विच्छेदन पाण्याखाली करीत, कारण त्यामुळे नाजूक अवयव तरंगून वेगळे दिसतात. कात्री, चिमटा, सुई आणि काळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या एवढे साहित्य लागे. चेतेखाली काळी पट्टी सरकविली की ती पांढरी रेघ परीक्षकाला दिसे आणि गुण मिळत. परीक्षेत प्राणी चिठ्ठीने ठरे.

यासाठी प्राणी मोठ्या संख्येने लागत. पावसाळ्यात शेतात दिसणारा मोठा बेडूक पुरवठादारांमार्फत महाविद्यालयांत येई. याच बेडकाच्या तंगड्यांची परदेशांत मोठी निर्यात होत असे. बेडूक शेतातील किडी खातो, त्याची संख्या घटल्याने पिकांचे नुकसान होते, ही चिंता वाढल्यावर भारत सरकारने १९८७ मध्ये ही निर्यात बंद केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे जंगली प्राणी पकडण्यावर निर्बंध आधीच आलेले होते. मात्र महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने सर्वांत जुनी तरतूद प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात आहे. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांसारख्या साधनांनी काम भागत असेल तेथे, महाविद्यालयांसारख्या ठिकाणी, प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत आणि केवळ हाताचे कौशल्य कमावण्यासाठी ते करू नयेत, असा त्याच्या सतराव्या कलमाचा आशय आहे. ही तरतूद कागदावर असतानाही त्यानंतर कित्येक दशके पदवीच्या परीक्षेत हाताच्या कौशल्याचेच गुण दिले जात होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतः विच्छेदन करू नये, शिक्षकाने एका जातीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे, असे त्यांत होते; पदव्युत्तर विद्यार्थ्याला विच्छेदन किंवा प्रकल्प यांतून निवड करण्याची मुभा होती. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांवर विच्छेदन पूर्णपणे थांबविण्यास सांगितले.

या निर्णयाविषयी शिक्षकांत दोन मते आहेत. प्राणिशास्त्राचा पदवीधर बहुधा शल्यचिकित्सक होत नाही. बँकेत, शाळेत, औषध कंपनीत किंवा प्रशासनात जातो. त्याच्यासाठी दरवर्षी असंख्य प्राणी मारणे समर्थनीय नाही, असे एक मत आहे. प्राणिजीवनाचा अभ्यास त्या प्राण्याला मारण्यापासून सुरू व्हावा यातील विसंगतीही त्यातून दाखविली जाते. दुसरे मत असे की, यकृत मऊ असते, धमनी रबरासारखी ताणते, दोन बेडकांच्या आतल्या रचनेत फरक असतो, या गोष्टी पडद्यावर कळत नाहीत. संगणकावरील बेडूक दर वेळी सारखाच असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही जुन्या पद्धतीचे स्मरण करताना एक गोष्ट विसरली जाते. वर्गातील बरीच मुले विच्छेदन करीत नसत, शेजारचा करी ते पाहत. काहींना तबकासमोर उभे राहवत नसे आणि त्यामुळे त्यांनी प्राणिशास्त्र हा विषयच सोडला. त्यांची दखल कोणत्याही अभ्यास मंडळाने घेतल्याचे दिसत नाही.

विच्छेदनानंतर

रिकामी झालेली जागा निरनिराळ्या प्रकारे भरण्यात आली. तक्ते, प्रतिकृती आणि संगणकीय विच्छेदन ही सरळ पर्यायी साधने झाली. केंद्र सरकारच्या पुढाकाराने उभारलेल्या आभासी प्रयोगशाळांचाही त्यांत समावेश होतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली तेव्हा प्रात्यक्षिकांचा भार काही काळ याच साधनांवर पडला.

अधिक फलदायी ठरले ते वेगळ्या वाटेचे प्रयोग. अन्न म्हणून बाजारात आलेल्या माशांचे खवले घेऊन त्यांचे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे, कोळंबीची १९ उपांगांची जोडी क्रमाने सुटी करून कागदावर मांडणे, डासाची मुखांगे काचपट्टीवर बसविणे अशी कामे पूर्वीही होती, त्यांना आता महत्त्व आले. कोळंबीची उपांगे हा तर उत्तम पाठ आहे. एकाच मूळ आराखड्यातील अवयव डोक्याकडे स्पर्शेंद्रिये होतात, मधे चालण्याचे पाय होतात आणि मागे पोहण्याची वल्ही होतात. ती ओळीने मांडली की हे वेगळे सांगावे लागत नाही. केळे किंवा कांदा कुस्करून मीठ व धुण्याचा साबण यांच्या साहाय्याने डीएनए बाहेर काढणे आणि थंडगार अल्कोहोलमध्ये त्याचे पांढरे तंतू तरंगताना पाहणे हा प्रयोग स्वस्त आहे व लहान गावातील महाविद्यालयालाही परवडतो. फळमाशी हा आनुवंशिकतेचा जुना सोबती. २५ अंश सेल्सिअसला तिची पिढी दहा-बारा दिवसांत पूर्ण होते, त्यामुळे एका सत्रात संकराच्या दोन पिढ्या पाहता येतात. नुसत्या तयार काचपट्ट्या पाहण्यावर भागविणाऱ्या विभागांना मात्र या बदलाचा लाभ झालेला नाही. तेथे विच्छेदन गेले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही.

विद्यार्थ्याने ठरावीक उत्तराचा प्रयोग न करता स्वतःचा प्रश्न घेऊन काम करावे यासाठीही प्रयत्न झाले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला, त्यात जीवशास्त्राचा समावेश आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची तारांकित महाविद्यालय योजना पदवी प्रयोगशाळांना उपकरणांसाठी साहाय्य देते.

वनस्पतिसंग्रह

वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह हा वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा जुना भाग आहे. फुलासह फांदी वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून, कागद रोज बदलून वाळवितात व जाड कागदावर शिवून किंवा चिकटवून तिच्याखाली नाव, कुल, ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहितात. ठिकाण व तारीख नसलेला नमुना शास्त्रीयदृष्ट्या निरुपयोगी असतो, हे वारंवार सांगूनही विद्यार्थी नेमके तेच विसरतात. ओळखण्यासाठी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ अजूनही उघडावा लागतो. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रह आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा संग्रह येथे पडताळणीसाठी जाता येते.

विच्छेदनाविरुद्ध जो आक्षेप आहे, तोच येथे निराळ्या रूपात लागू होतो. पन्नास विद्यार्थ्यांनी एकाच पठारावरून पन्नास-पन्नास रोपे उपटली तर दुर्मीळ जाती संपतील. कास पठारासारख्या संरक्षित ठिकाणी फुले तोडण्यास मनाई आहे. त्यामुळे आता रस्त्याकडेचे तण, बागेतील झाडे यांचेच नमुने घ्यावेत आणि दुर्मीळ जातींची छायाचित्रे काढावीत, असा संकेत बऱ्याच ठिकाणी पाळला जातो.

जर्नल आणि परीक्षा

प्रयोगाची नोंदवही जर्नल या नावानेच ओळखली जाते. तिचे एक पान कोरे व दुसरे रेघांचे असते. कोऱ्या पानावर टोकदार पेन्सिलने आकृती काढायची, छटा न घासता ठिपक्यांनी दाखवायच्या आणि नावांच्या रेघा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत, हे संकेत आहेत. विभागप्रमुखाच्या सहीचे प्रमाणपत्र पहिल्या पानावर असल्याखेरीज वार्षिक किंवा सत्र परीक्षेला बसू दिले जात नाही. या सहीच्या सक्तीतूनच जर्नलचा मूळ हेतू मागे पडला. गतवर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल समोर ठेवून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आकृत्या उतरविण्याची चाल सर्वपरिचित आहे. अशा वह्यांत एका वर्षाची चूक पुढच्या वर्षी जशीच्या तशी उतरते आणि जाणत्या परीक्षकाला तिची वंशावळ ओळखता येते. वाईट काढलेली पण स्वतः पाहिलेली आकृती अधिक गुणांस पात्र धरावी, असे सांगणारे शिक्षक थोडे असले तरी आहेत.

परीक्षेत मुख्य प्रयोग, लहान प्रयोग, नमुने ओळखणे, तोंडी परीक्षा आणि जर्नल असे भाग असतात. नमुने ओळखण्याच्या भागाला सगळे स्पॉटिंग म्हणतात. टेबलांवर क्रमांक लावलेले नमुने मांडलेले असतात. घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचे. फॉर्मेलिनच्या बरणीतील रंग उडालेला प्राणी आणि जिवंत प्राणी यांत फार अंतर असते, त्यामुळे कित्येक विद्यार्थी नमुना न ओळखता बरणीचा आकार किंवा तिच्यावरील तडा लक्षात ठेवतात. फॉर्मेलिनमधील फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ठरविले. तेव्हापासून उघड्या तबकांत असे नमुने हाताळणे टाळावे, खोलीत हवा खेळती ठेवावी असा आग्रह धरला जातो.

भाषा

महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत येताच बहुतांशी इंग्रजी माध्यमात जातो. पेशी, केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक, गुणसूत्र हे त्याचे शब्द एका सुट्टीत निरुपयोगी ठरतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशातील नोंदी उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग पदवीच्या प्रयोगशाळेत क्वचितच होतो. प्रयोगशाळेतील बोलणे मात्र मराठीतच चालते. ‘स्लाइड फोकस कर’, ‘सेक्शन जाड आलाय’ अशी मिश्र बोली शिक्षक, विद्यार्थी आणि प्रयोगशाळा परिचर हे सारे वापरतात आणि तीत कोणाचे अडत नाही.

अडते ते नावांपाशी. कोकण किनाऱ्यावरील मुलाने लहानपणापासून बाजारात मुशी पाहिलेली असते, घरी खाल्लेलीही असते. बरणीवर स्कोलिओडॉन अशी चिठ्ठी असते, म्हणून तो तिला अनोळखी प्राणी समजतो आणि तिची लक्षणे पाठ करतो. शास्त्रीय नावाशेजारी त्या प्रदेशातील नाव लिहिण्याची पद्धत काही विभागांनी ठेवली आहे. वनस्पतिसंग्रहाच्या कागदावर स्थानिक नावासाठी एक ओळ पूर्वीपासूनच छापलेली असते, ती बहुधा कोरी राहते.